तंबाखूच्या पुडीचा हिशेब मांडणारे डॉक्टर : वसंत रामजी खानोलकर

अमरावती/अकोला : तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर होतो, हे आता पुडीवरच छापून येतं. शाळेतलं पोरगंही सांगते. पण ८०-९० वर्षांपूर्वी ही गोष्ट इतकी सरळ नव्हती. कोणी दैवाला दोष देई, कोणी मागच्या जन्माच्या पापाला. शिकलेल्या डॉक्टरांतही असं मानणारे होते की कॅन्सर हा विलायतेतला रोग आहे, आपल्याकडच्या माणसाला तो फारसा होत नाही. या सगळ्या अंदाजांच्या जागी पुरावा आणून ठेवणारी जी मोजकी माणसं झाली, त्यात एक मराठी नाव पहिल्या रांगेत आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर.

खानोलकरांचा वऱ्हाडाशी जन्माचा संबंध नाही. पण बडनेऱ्याहून आणि अकोल्याहून रेल्वेत बसून मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला जाणारे पेशंट आपल्या गावोगावी आहेत. आपल्याच मातीतल्या गाडगेबाबांच्या नावानं दादरला जी धर्मशाळा चालते, तिथं मुक्काम करून टाटाच्या रांगेत उभे राहिलेले लोक प्रत्येक तालुक्यात सापडतील. त्यांच्या फाइलमध्ये तुकड्याचा जो रिपोर्ट असतो आणि पहिल्याच दिवशी डॉक्टर तंबाखूबद्दल जे खोदून खोदून विचारतात, त्या दोन्हीच्या मागे या माणसाचं आयुष्य उभं आहे.

क्वेट्टा ते लंडन, लंडन ते परळ

खानोलकरांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. बालपण गेलं क्वेट्ट्याला, जे आज पाकिस्तानात आहे. डॉक्टरीचं शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतलं आणि १९२३ मध्ये पॅथॉलॉजी या विषयात एम.डी. मिळवली.

त्या काळात विलायतेतून डॉक्टर होऊन आलेल्या माणसाला मुंबईत दवाखाना टाकून पैसा कमावणं सोपं होतं. पॅथॉलॉजी म्हणजे मात्र पेशंटपासून दूर, प्रयोगशाळेत बसायचं काम. शरीरातला तुकडा, रक्त, मेलेल्या माणसाचे अवयव तपासायचे आणि रोग नेमका कोणता, तो कसा सुरू झाला, कुठवर गेला, ते शोधायचं. यात नाव कमी, पैसा कमी, आणि पेशंटला तर हा डॉक्टर दिसतही नाही. खानोलकरांनी हाच रस्ता धरला.

भारतात परतल्यावर ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात, म्हणजे के.ई.एम. हॉस्पिटलच्या कॉलेजात, पॅथॉलॉजीचे प्राध्यापक होते. जी.एस. कॉलेजची एक खास गोष्ट अशी की इंग्रजांच्या राज्यातही तिथले अध्यापक भारतीयच असावेत, असा दात्यांचा आग्रह होता. अशा ठिकाणी नवी पिढी घडवायचं काम खानोलकरांच्या वाट्याला आलं. देशातल्या पॅथॉलॉजीचे आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून आज त्यांचं नाव घेतात, त्याची सुरुवात इथली.

तुकडा तपासायचा तो कशासाठी

हे काम काय असते, ते शेतकऱ्याला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. कपाशीचं बोंड बाहेरून हिरवंगार दिसते. आत गुलाबी बोंडअळी आहे की नाही, हे बोंड फोडल्याशिवाय कळत नाही. नुसतं बांधावर उभं राहून पाहिलं अन् फवारणी सुरू केली, तर पैसा जातो आणि पीकही हातचं जाते.

तोंडातल्या जखमेचंही तसंच. जखम दाताच्या टोकानं झाली असेल, जंतूमुळं असेल, किंवा कॅन्सरची असेल. वरून तिन्ही सारख्याच दिसू शकतात. खात्री करायची तर जखमेच्या कडेचा बारीक तुकडा काढायचा, त्याचे कागदाहून पातळ काप करायचे, त्यांना रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं. कॅन्सर असला तर पेशींची रचना बिघडलेली दिसते, आणि कोणत्या जातीचा आहे तेही कळते. औषध, ऑपरेशन की शेक, हे सगळं त्यावर ठरते.

आपल्याकडं आजही अशी समजूत घट्ट आहे की तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. या भीतीपोटी माणसं महिना महिना घरी बसतात, झाडपाला लावतात, अन् मग दवाखान्यात जातात तेव्हा रोग मानेच्या गाठींपर्यंत पोचलेला असते. तोंडाचा रोग पसरतो तो या घालवलेल्या महिन्यांत, आणि दोष येतो तुकड्यावर. बोंड फोडल्यानं अळी शेजारच्या बोंडात जात नाही. खानोलकरांसारख्या माणसांनी आयुष्यभर जे काम केलं, त्याचा पाया हाच होता की आधी खात्री, मग इलाज.

१९४१ : टाटा हॉस्पिटल

उद्योगपती सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई यांचं निधन रक्ताच्या कॅन्सरनं झालं. त्यांच्यावर परदेशात उपचार झाले होते. तशी सोय आपल्या देशात व्हावी, असा विचार पुढं आला आणि सर दोराबजी टाटा ट्रस्टनं परळला हॉस्पिटल उभारलं. २८ फेब्रुवारी १९४१ ला टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं. खास कॅन्सरसाठी बांधलेल्या देशातल्या सुरुवातीच्या मोठ्या हॉस्पिटलांपैकी हे एक.

या हॉस्पिटलच्या प्रयोगशाळा आणि संशोधन विभागाची सूत्रं खानोलकरांकडं आली. तेव्हा त्यांचं वय ४५-४६ होतं. देशाच्या कानाकोपऱ्यातून पेशंट परळला येऊ लागले. काश्मीरचे, बिहारचे, आंध्रचे, गुजरातचे, कोकणातले. प्रत्येकाची भाषा वेगळी, खाणंपिणं वेगळं, अंगावरचे कपडे वेगळे. दुसऱ्या एखाद्यानं तुकडे तपासले असते, रिपोर्ट लिहिले असते आणि घरी गेला असता. खानोलकरांना या गर्दीत वेगळंच काही दिसलं. रोग सगळ्यांना कॅन्सरच होता, पण तो शरीरात कुठं होतो, हे माणूस कुठून आला आणि कसा जगतो त्यावर बदलत होतं.

धोतर, चुट्टा आणि खैनी

१९४५ साली खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी अमेरिकेतल्या एका पॅथॉलॉजीच्या मासिकात एक लेख छापला. त्यात भारतात आढळणारे तीन नव्या तऱ्हेचे कॅन्सर त्यांनी मांडले. तिन्हींचा संबंध माणसाच्या रोजच्या वहिवाटीशी होता.

पहिला धोतराचा. वर्षानुवर्षं धोतर एकाच जागी घट्ट आवळून नेसलं की कमरेवर काचतं. घाम, मळ आणि घासणं यामुळं तिथली कातडी आधी काळी पडते, मग जाड होते, वळ पडतात. काही थोड्या लोकांत पुढं तिथंच न भरणारी जखम होते आणि ती कॅन्सरची निघते. हा रोग तसा क्वचितच होतो, त्यामुळं धोतर नेसणाऱ्या बुढ्यांनी घाबरायचं कारण नाही. लुगड्याच्या घट्ट गाठीनंही असंच होऊ शकते, हे पुढं इतर डॉक्टरांनी नोंदवलं. कमरेवरची जखम भरतच नसेल, तर मात्र ती दाखवली पाहिजे.

दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्याकडं विशाखापट्टणमच्या बाजूला तंबाखूची जाड विडी, म्हणजे चुट्टा, उलटा ओढायची रीत होती. पेटलेलं टोक तोंडात आणि दुसरं टोक बाहेर. बायकांत ही सवय जास्त. अशा लोकांना टाळूचा कॅन्सर होत होता. एरवी टाळूच्या पुढच्या कडक भागाचा कॅन्सर कमी आढळतो, पण जिथं निखारा टेकतो नेमका तिथंच तो यांना होत होता.

तिसरा खैनीचा. आणि इथं आपल्या माणसानं कान टवकारावेत. उत्तरेकडं तंबाखू तळहातावर घ्यायची, त्यात चुना टाकायचा, अंगठ्यानं मळायची आणि खालच्या ओठाच्या आत दाबून ठेवायची सवय. अशा लोकांना खालच्या ओठाच्या आत, जिथं तो विडा दाबलेला असतो, अगदी त्याच खाचेत कॅन्सर होत होता. गालात ठेवणाऱ्याला गालात होई, ओठात ठेवणाऱ्याला ओठात. बिहारमधली ही खैनी आणि आपल्याकडची तंबाखू-चुन्याची चिमूट यात नावापलीकडं काय फरक आहे?

काश्मीरमधल्या कांगडीचं उदाहरण तर आधीपासून माहीत होतं. थंडीत अंगरख्याच्या आत निखाऱ्याचं भांडं घेऊन बसणाऱ्या लोकांना पोटाच्या आणि मांडीच्या कातडीचा कॅन्सर होई. खानोलकरांनी ही सगळी उदाहरणं एका माळेत ओवली. त्यातून अर्थ निघाला तो साधा, पण मोठा होता. रोग जागा निवडतो ती दैवानं नाही. वर्षानुवर्षं जिथं घासतं, भाजतं किंवा तंबाखू लागते, तिथं तो होतो. आणि ज्याचं कारण सवयीत आहे, ते टाळणंही माणसाच्या हातात आहे.

नुसतं विचारून भागत नाही

पण एवढ्यावर शहाणा माणूस मान्य करणार नाही. तोंडाचा कॅन्सर झालेल्या शंभर जणांना विचारलं आणि त्यातल्या बहुतेकांनी तंबाखू खातो म्हणून सांगितलं, तर काय सिद्ध झालं? त्या मुलखात सगळेच तंबाखू खात असतील तर? मग कॅन्सर न झालेलेही तेच सांगतील.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात कपाशीचं किंवा तुरीचं नवं वाण आलं की ते एकटंच लावून पाहत नाहीत. शेजारी जुनं वाण लावतात. जमीन तीच, पाऊस तोच, खत तेच. मग दोघांचं उत्पन्न तोलतात. नव्या वाणाला दहा क्विंटल आलं, एवढ्यावरून काही कळत नाही. शेजारच्या जुन्याला किती आलं, ते पाहिल्यावरच कळते.

माणसाच्या रोगाचंही तोलणं असंच करावं लागते. खानोलकर, त्यांचे सहकारी डॉ. एल. डी. संघवी आणि के. सी. एम. राव यांनी मुंबईत हेच केलं. तोंडाचा, घशाचा, अन्ननलिकेचा कॅन्सर झालेले पेशंट एका बाजूला, आणि हा कॅन्सर नसलेले लोक दुसऱ्या बाजूला. दोघांनाही तेच प्रश्न. विडी ओढता का, तंबाखू चघळता का, की दोन्ही? मग दोन्हीकडचे आकडे शेजारी मांडले. हा अभ्यास १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नल या जगप्रसिद्ध मासिकात छापून आला. साधारण असं दिसलं की चघळण्याचा संबंध तोंडातल्या कॅन्सरशी आहे, ओढण्याचा घशाकडच्या भागाशी. दोन्ही सवयी असल्या तर दोन्हीकडून धोका.

याच काळात, १९५० मध्ये, इंग्लंड आणि अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध अशाच पद्धतीनं दाखवला होता. म्हणजे जगात हे काम नुकतंच कुठं सुरू झालं होतं आणि परळमधली माणसं त्यात मागं नव्हती. फरक एवढाच की तिकडं सिगारेट तपासली जात होती, इकडं विडी आणि चुना-तंबाखू. आपल्या माणसाच्या सवयीचा अभ्यास आपल्याच माणसानं केला नसता, तर तो कोणी केला असता?

वयाचा हिशेब

भारतीयांना कॅन्सर कमी होतो, हा समज खोडून काढणंही खानोलकरांच्या कामाचा मोठा भाग होता. या समजाच्या मुळाशी वयाचा घोळ होता.

कॅन्सर हा मुख्यतः उतारवयातला रोग. लहानांनाही होतो, पण वय वाढेल तसं त्याचं प्रमाण वाढते. तंबाखू सुरू केल्यावर रोग दिसायला कधी वीस तर कधी तीस वर्षं लागतात. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातलं सरासरी आयुष्य जेमतेम ३२ वर्षांच्या आसपास होतं. मलेरिया, प्लेग, पटकी, क्षय आणि बाळंतपणात माणसं आधीच जात. कॅन्सर व्हायच्या वयापर्यंत पोचणारेच थोडे, मग रोग दिसणार कसा? विलायतेतल्या म्हाताऱ्यांच्या गावाची तुलना आपल्या तरण्या गावाशी केली तर उत्तर चुकणारच. एकाच वयाचे लोक घेऊन तुलना केली तर चित्र बदलते. आपला माणूस कॅन्सरपासून सुटलेला नाही. उलट तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर आपल्याकडं जास्त आहे.

हा हिशेब आज अधिकच महत्त्वाचा झाला आहे. आता गावात सत्तरी ओलांडलेली माणसं घरोघरी आहेत. त्यांच्या तोंडात जखम झाली, बुढीच्या छातीत गाठ आली किंवा पाळी बंद होऊन दहा वर्षं झाल्यावर अंगावरून रक्त गेलं, तर घरचे म्हणतात की आता वय झालं, चालायचंच. वय झालं हे रोगाचं निदान नाही. वय झालं म्हणूनच तपासायला पाहिजे. इलाज किती करायचा, ऑपरेशन झेपेल का, की नुसतं दुखणं कमी करायचं, हे डॉक्टर आणि घरच्यांनी मिळून ठरवावं. पण ते ठरवायलाही आधी रोग कोणता ते कळलं पाहिजे.

संशोधन केंद्र आणि कुष्ठरोगाचं काम

१९५२ मध्ये परळलाच इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं राहिलं. त्याची बांधणी खानोलकरांनी केली आणि पहिले संचालकही तेच. हॉस्पिटलात पेशंट, शेजारी प्रयोगशाळा, अशी ही जोडी होती. दवाखान्यात उठलेला प्रश्न प्रयोगशाळेत जाई आणि तिथलं उत्तर परत दवाखान्यात येई.

नवी माणसं घडवणं हे त्यांचं खरं भांडवल. पुण्याच्या कमल समर्थ, म्हणजे पुढं डॉ. कमल रणदिवे म्हणून गाजलेल्या शास्त्रज्ञ, यांनी खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. केली. अमेरिकेत जाऊन पेशी काचेच्या भांड्यात वाढवायची विद्या त्या शिकल्या आणि परत परळला येऊन कामाला लागल्या. ज्या काळात घरातल्या मुलीला मॅट्रिकपर्यंत शिकवणं मोठी गोष्ट होती, त्या काळात या केंद्रात बाया शास्त्रज्ञ म्हणून काम करत होत्या.

खानोलकरांचं दुसरं मोठं काम कुष्ठरोगावर आहे, आणि ते अमरावतीच्या माणसाला जवळचं वाटेल. अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन कुष्ठरुग्णांच्या जखमा धूत होते, त्यांना माणसासारखं जगायला शिकवत होते. त्याच काळात तिकडं मुंबईत खानोलकर या रोगाची सुरुवात शरीरात कशी होते ते सूक्ष्मदर्शकाखाली शोधत होते. चट्टा दिसायच्या आधीच जंतू मज्जातंतूंच्या वाटेनं शरीरात शिरकाव करतात आणि बराच काळ गुपचूप राहतात, हे त्यांच्या अभ्यासातून पुढं आलं. बधिर झालेली जागा लवकर दाखवा, असं आरोग्य कर्मचारी का सांगतात, त्याचं कारण यात आहे. १९५८ मध्ये त्यांच्या केंद्रात कुष्ठरुग्णांपासून एक जंतू वेगळा केला गेला. त्यावरून पुढं लस तयार झाली आणि तिची चाचणीही झाली.

मान मोठे, काम तेच

१९६० ते १९६३ या काळात खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. जगभरातल्या कॅन्सरविरोधी संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघाचं अध्यक्षपदही त्यांच्याकडं आलं. देशातल्या पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांची संघटना उभी राहिली तेव्हा तिचे ते संस्थापक अध्यक्ष होते. भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमलं. अणुकिरणांचा माणसावर काय परिणाम होतो, हे तपासणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवरही त्यांनी काम केलं.

दरम्यान १९६२ मध्ये टाटा हॉस्पिटल आणि संशोधन केंद्र अणुऊर्जा खात्याकडं गेलं. १९६६ मध्ये दोन्ही एकत्र होऊन टाटा मेमोरियल सेंटर झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, ११ ऑक्टोबर १९६८ ला, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं मोझरीला निधन झालं. तेही कॅन्सरनं. नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलला आज राष्ट्रसंतांचं नाव आहे. गावोगाव खंजिरी घेऊन फिरलेल्या माणसालाही या रोगानं सोडलं नाही, हे पाहून त्या काळी वऱ्हाडातल्या कित्येक घरांत कॅन्सर हा शब्द पहिल्यांदा मोठ्यानं बोलला गेला असेल.

२९ ऑक्टोबर १९७८ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी खानोलकर गेले. नवी मुंबईत खारघरला टाटाचं जे संशोधन केंद्र आहे, तिथल्या एका इमारतीचं नाव खानोलकर शोधिका आहे.

त्यांच्या वाटेनं पुढं

माणूस गेला तरी त्यानं घालून दिलेली रीत राहिली. नोंद ठेवा, तुलना करा, मग बोला. १९६३ मध्ये मुंबईत लोकसंख्येनुसार कॅन्सरची नोंदवही सुरू झाली. देशातली ती पहिली. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत खेड्यांसाठी अशी नोंदवही सुरू झाली. त्याआधी खेड्यात किती लोकांना कोणता कॅन्सर होतो, याचे धड आकडेच नव्हते.

तंबाखू चघळण्यानं कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं १९८५ मध्ये पक्कं म्हणून जाहीर केलं. २००४ मध्ये तिनं आणखी पुढं जाऊन सांगितलं की तंबाखू नसली तरी नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते. आपण तंबाखू नाही, फक्त सुपारी खातो, असं सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणखी दोन मोठे अभ्यास आपल्याच राज्यात झाले. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत, सव्वा लाखाहून जास्त बायांवर गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एक तपासणी एकदाच केली, तरी त्या गटात या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. हा निकाल २००९ मध्ये जगापुढं आला. दुसरा अभ्यास मुंबईच्या वस्त्यांतला. दीड लाखाच्या वर बाया, आणि २० वर्षं. यंत्र नाही, काही नाही. शिकवलेल्या आरोग्य सेविकांनी हातानं स्तनाची तपासणी करायची, एवढंच. २०२१ मध्ये निकाल आला. पन्नाशी ओलांडलेल्या बायांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे ३० टक्के कमी झाले. कमी वयाच्या बायांत तसा फायदा दिसला नाही. वयाचा हिशेब लावला नसता तर हे कळलंच नसतं. यातून हेही दिसलं की तपासणी महागडीच असावी लागते असं नाही. ती खरंच उपयोगाची आहे का, हे मात्र मोजलं पाहिजे.

पानठेल्यावरचा प्रश्न

खानोलकरांनी खैनीबद्दल लिहिलं ते १९४५ साली. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी आपल्याकडच्या पानठेल्यावर प्लॅस्टिकमध्ये सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून खर्रा घोटला जातोच. निंदण-खुरपणाला जाणाऱ्या बायांच्या कमरेच्या पिशवीत तंबाखूची डबी असते, कोणाकडं दातावर घासायची मिश्री असते. भूक मरते, झोप येत नाही, म्हणून वावरात काम करताना ही सवय लागते. मजुरी करणाऱ्या माणसाला ती सोड म्हणून नुसतं सांगून सुटत नाही. पण सोडणाऱ्याला फायदा होतो, आणि तो कोणत्याही वयात होतो.

तोंडात दोन-तीन आठवडे न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट सहन न होणं, आवाज बदलणं, गिळताना अडकणं, मानेत गाठ, ही लक्षणं दाखवायची आहेत. आपली स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जात नसतील, तर सुपारीनं तोंड आखडायला लागलं आहे, असं समजून प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं.

गावातल्या आशाताई आता ३० वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक फॉर्म भरतात. त्यात वय, विडी-तंबाखू, दारू, घरात कोणाला आजार आहे का, असे प्रश्न असतात. ६० च्या वरच्यांना तोल जातो का, विसर पडतो का, हेही विचारतात. या फॉर्मवरून तोंडाची, स्तनाची आणि गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी ठरते. बरेच जण त्यांच्यासमोर तंबाखूचं लपवतात. सुनेसमोर सासू सांगत नाही, बापासमोर पोरगा सांगत नाही.

परळच्या वॉर्डात खानोलकरांच्या माणसांनी जे विचारलं होतं, तेच आता आशाताई ओट्यावर बसून विचारतात. तेव्हा हजारो गरीब पेशंटांनी, ज्यांची नावं कुठं छापली नाहीत, आपली सवय खरीखरी सांगितली, म्हणून पुडीवर आज इशारा छापून येतो. आशाताईंचा फॉर्मही खऱ्या उत्तरानंच कामाचा होतो. तो भरताना चारचौघांत सांगणं अवघड वाटत असेल, तर त्यांना बाजूला घेऊन सांगावं.